शाहिराची बिदागी : लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांचे जीवनस्मरण

आपल्या वसतिगृहाची सकाळ त्रिसरण-पंचशीलाने सुरू होते. पाच शीलांपैकी दुसरे शील, म्हणजे न दिलेले न घेणे, लहान मुलांना फार लवकर समजते. शेजारच्या पेटीतील साबण, दुसऱ्याच्या दप्तरातील पेन्सिल, स्वयंपाकघरातील गुळाचा खडा एवढ्यापुरता त्याचा अर्थ त्यांना स्वच्छ कळतो. शाळा सोडून शहरात गेलेल्या मोठ्या माणसांना मात्र तेच शील अवघड जाते. शहरात सभ्य माणूस कोणाच्या पेटीत हात घालत नाही. तरीही एकाच्या घामाचे मोल दुसऱ्याच्या तिजोरीत जाऊन पडते, आणि त्याला चोरी हे नाव कोणी देत नाही. या स्मरणिकेसाठी एका थोर पुरुषाचे चरित्र लिहावयाचे ठरले, तेव्हा आम्ही लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांचे नाव निवडले, ते याच कारणाने. मुंबई नगरीने गरिबाकडून काय काय घेतले आणि त्याच्या पदरात किती घातले, हा हिशेब अण्णाभाऊंनी रस्त्यावर उभे राहून मांडला. त्यांच्या स्वतःच्या आयुष्याचा हिशेबही त्याहून निराळा निघाला नाही.

अण्णाभाऊंचे मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे. १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे त्यांचा जन्म झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात आहे; त्या काळी हा मुलूख सातारा जिल्ह्यात मोडत असे. वडील भाऊराव, आई वालुबाई. घर मातंगांचे, वस्ती गावकुसाबाहेरची. त्यांच्या जन्माच्या वेळची एक कथा मोठ्या प्रेमाने सांगितली जाते. इंग्रजी अमलाविरुद्ध बंड करणारा फकिरा हा त्याच परिसरातला. सरकारी खजिना लुटून परतताना तो साठ्यांच्या दारी आला आणि बाळंतिणीसाठी ओंजळभर रुपये देऊन गेला. कायद्याच्या लेखी तो दरोडेखोर होता. मांगवाड्याच्या लेखी तो उपाशी पोटांचा वाली होता. कोणाला चोर म्हणावे आणि कोणाला साव, हा प्रश्न अशा रीतीने त्या बालकाच्या पाळण्यापाशीच येऊन उभा राहिला होता. पुढे आयुष्यभर त्यांनी तोच प्रश्न निरनिराळ्या रूपांत विचारला.

शाळेशी त्यांचा संबंध अवघा दीड दिवसाचा आला, असे सांगितले जाते. अस्पृश्याच्या पोराला वर्गात जी वागणूक मिळत असे ती त्यांनाही मिळाली, आणि त्या स्वाभिमानी मुलाने शाळेकडे पाठ फिरवली. आपल्यासारख्या निवासी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने या दीड दिवसाचा विचार करावा. आपणांस शाळेने जेवण दिले, अंथरूण दिले, पुस्तके दिली आणि मुख्य म्हणजे वर्गात बसावयास जागा दिली. यांपैकी काहीही न मिळता ज्याने मराठी साहित्यात स्वतःची जागा निर्माण केली, त्याचे हे चरित्र आहे.

१९३१ च्या सुमारास भाऊरावांनी कुटुंबासह मुंबईची वाट धरली. भाऊराव पूर्वीपासून मुंबईत कष्ट करीत असत. आता सगळे बिऱ्हाड निघाले. गाडीभाड्याला पैसे नव्हते, म्हणून तीनशे किलोमीटरांहून अधिक अंतर हे कुटुंब पायी चालले. वाटेत मिळेल ते काम करावे, मिळेल ते खावे आणि पुढे निघावे, असा तो प्रवास होता. अकरा वर्षांच्या मुलाने शहर प्रथम पाहिले ते असे, फुटलेल्या टाचांनी. मुंबईत भायखळ्याच्या चाळीत बिऱ्हाड लागले आणि शाळेने नाकारलेले शिक्षण रस्त्याने देऊ केले. दुकानांवरच्या पाट्या, भिंतींवर चिकटवलेल्या चित्रपटांच्या जाहिराती, त्यांवरची मोठाली रंगीत अक्षरे पाहून, कोणाला तरी विचारून, जुळवून जुळवून ते वाचावयास शिकले. धनिकांनी माल खपविण्यासाठी रंगविलेल्या भिंती या मुलाने पाटी म्हणून वापरल्या. मुंबईने त्यांना फुकट दिलेली ही कदाचित एकमेव गोष्ट असेल.

बाकी सर्व गोष्टींची किंमत त्यांना मोजावी लागली. हमाली केली, पडेल ते काम केले, घरोघर राबले, पुढे कोहिनूर गिरणीत मजुरी केली. गिरणगावात तेव्हा संप, सभा आणि मोर्चे हे नित्याचे होते. लालबाग-परळच्या चाळींत एका खोलीत दोन-तीन कुटुंबे राहत. पाळीपाळीने कामावर जात आणि पाळीपाळीने झोपत. कापडाचे तागे जगभर जात, आणि ते विणणाऱ्याच्या घरी अंगभर वस्त्र नसे. अण्णाभाऊ या जीवनाकडे बाहेरून पाहणारे नव्हते; ते त्याच खोलीत निजणारे होते. माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये ते राहू लागले तेव्हा त्यांचा कामगार कार्यकर्त्यांशी संबंध आला. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहाच्या संघटकांपैकी एक असलेले आणि पुढे साम्यवादी चळवळीत गेलेले कॉम्रेड रा. बा. मोरे हेही याच वर्तुळातले. एकीकडे बाबासाहेबांची अस्मितेची हाक आणि दुसरीकडे कामगारांचा लाल बावटा, या दोन्हींच्या छायेत अण्णाभाऊंची दृष्टी घडली. लेबर कॅम्पातील डासांवर त्यांनी एक पोवाडा रचला होता. पोवाडा हा वीरांचा. तो डासांवर रचावा यात विनोद होता, परंतु ज्या वस्तीत माणसाच्या रक्तावर सारेच टपलेले, तिथे डासाला कोणी वेगळे का समजावे, हा त्या विनोदाखालचा अर्थ ऐकणाऱ्यांना बरोबर कळत असे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत धान्य महागले. १९४३ मध्ये शहरात शिधापत्रिका आल्या, दुकानांपुढे रांगा लागल्या, आणि रांगेमागच्या गुदामांत काळा बाजार भरभराटीस आला. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मेली. धान्य अगदीच नव्हते म्हणून नव्हे, ते गरिबाच्या आवाक्यात नव्हते म्हणून. अण्णाभाऊंनी स्टालिनग्राडच्या लढ्यावर पोवाडा रचला तो याच सुमारास, आणि बंगालच्या भुकेवर व काळ्या बाजारावरही त्यांनी रचना केल्या. साठेबाज व्यापारी सभेत मानाच्या खुर्चीवर बसतो, देवळाला देणगी देतो, आणि भुकेने पाव उचलणारे पोर पोलिसांच्या हाती सापडते, ही शहराची दुटप्पी नीती शाहिराच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. भगवान बुद्धांनी दुःखाचे मूळ तृष्णेत सांगितले. काळा बाजार म्हणजे तृष्णेने मांडलेले दुकान. त्या दुकानात भूक हेच भांडवल असते.

१९४४ मध्ये अण्णाभाऊ, शाहीर अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. मराठी रस्त्यावरच्या कलेच्या इतिहासात या घटनेचे महत्त्व फार मोठे आहे. या पथकाला नाट्यगृह लागत नसे. चाळीचे पटांगण, गिरणीच्या फाटकासमोरची मोकळी जागा, परळचे कामगार मैदान हाच त्यांचा रंगमंच. ढोलकी, डफ, तुणतुणे आणि अमर शेखांचा पहाडी आवाज एवढ्या सामग्रीवर हजारोंचा समुदाय खिळून राहत असे. तिकीट काढण्याची ऐपत नसलेल्या माणसासाठी नाटक त्याच्या दारात आले होते.

अण्णाभाऊंनी हाती घेतलेला साचा जुन्या तमाशाचा होता. गण, गौळण, बतावणी आणि वग ही त्याची अंगे. परंतु या साच्यात त्यांनी नवे प्राण भरले. गणात गणपतीला वंदन करण्याची रूढी त्यांनी मोडली आणि मायभूमीला, तिच्यासाठी झिजणाऱ्यांना वंदन केले. गौळणीतील छेडछाड बाजूला सारली. राजाराणीच्या वगाऐवजी शेतकरी, सावकार, शेटजी, पुढारी आणि मजूर रंगभूमीवर आले. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘माझी मुंबई’ ही त्यांच्या वगनाट्यांची नावेच त्यांचे विषय सांगतात. मत मागताना हात जोडणारा आणि भाडे मागताना हात उगारणारा शेटजी लोकांनी रोज पाहिलेला होता. तो त्यांना प्रथमच हसण्यासारखा दिसला. ज्याची भीती वाटते त्याच्यावर हसता येणे हे गरिबाच्या मुक्तीचे पहिले पाऊल असते, आणि ते पाऊल या कलेने टाकविले. ज्या तमाशाला शहरी सभ्य समाज हीन समजत होता, आणि ज्या तमाशाकडे त्याच समाजातील रसिक चोरून जात होते, त्या तमाशाला अण्णाभाऊंनी उघड्या रस्त्यावर मानाने उभे केले.

मुंबईवरची त्यांची लावणी या साऱ्याचा कळस आहे. त्यांच्या आधी पठ्ठे बापूरावांनी मुंबईच्या वैभवाचे वर्णन लावणीतून केले होते. बापूरावही वाळवा तालुक्यातलेच, रेठरे हरणाक्षचे. एकाच मातीतून आलेल्या या दोन कलावंतांनी एकाच नगरीकडे पाहिले. बापूरावांना तिचा झगमगाट दिसला, अण्णाभाऊंना त्या झगमगाटाची सावली दिसली. मलबार हिलवरचे ऐश्वर्य आणि परळमधले दारिद्र्य त्यांनी शेजारी शेजारी मांडले. ती दोन निराळी शहरे नाहीत, एकाच्या उंचीसाठी दुसरे खचले आहे, हे त्यांनी दाखविले. फुटपाथवरचे बिऱ्हाड, बेकारांची गर्दी, देहविक्रीचे बाजार, सट्टा आणि जुगार यांनी भरलेले हे चित्र आहे. त्यात शिवीगाळ नाही. आहे तो एका कष्टकऱ्याने आपल्या शहराशी केलेला सडेतोड संवाद. मुंबईवर त्यांचे प्रेम होते. प्रेम असल्यामुळेच ते तिला आरसा दाखवू शकले.

आरसा पाहणे सत्तेला कधीच आवडत नाही. देश स्वतंत्र झाल्यानंतर मुंबई सरकारने या कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. तमाशावर बंदी आली तेव्हा अण्णाभाऊंनी आपल्या खेळांना लोकनाट्य म्हटले आणि लोकांपुढे जाणे सुरू ठेवले. आज विद्यापीठांतून लोकनाट्य हा शब्द आदराने उच्चारला जातो; तो शब्द रुजण्यामागे बंदीला दिलेले हे उत्तर आहे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानी ठेवावे. भारतीय जननाट्य संघ म्हणजे इप्टा या अखिल भारतीय संस्थेतही अण्णाभाऊंना नेतृत्वाचा मान मिळाला. दीड दिवस शाळेत गेलेला माणूस देशातील नामवंत कलावंतांच्या बरोबरीने बसत होता, आणि सभा संपली की झोपडीकडे परतत होता.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ही वाणी पुन्हा गर्जली. ‘माझी मैना’ ही त्यांची छक्कड ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. मुंबईत पोटासाठी आलेल्या मजुराचा आणि गावाकडे राहिलेल्या त्याच्या पत्नीचा विरह तिच्यात आहे, आणि त्या विरहातून महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी मुलखाची वेदनाही बोलते. मुंबई कोणाची, या प्रश्नाला अण्णाभाऊंचे उत्तर भाषेपाशी थांबत नव्हते. जे हात हे शहर बांधतात, चालवतात आणि झाडून स्वच्छ ठेवतात, त्यांचे हे शहर, असे त्यांचे म्हणणे होते. या लढ्यात शंभराहून अधिक माणसे हुतात्मा झाली आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. मुंबई महाराष्ट्राला मिळाली. मुंबई घडविणाऱ्यांना ती किती मिळाली, हा शाहिराचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर सुमारे पंधरा महिन्यांनी, २ मार्च १९५८ रोजी, मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन अण्णाभाऊंनी केले. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तोललेली आहे ही पुराणकल्पना त्यांनी तेथे नाकारली आणि ती दलितांच्या व कष्टकऱ्यांच्या हातांवर तरली आहे असे ठामपणे मांडले. पुढच्या वर्षी ‘फकिरा’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. पाळण्यापाशी ओंजळभर रुपये ठेवून गेलेला तो बंडखोर आता मराठी साहित्याचा नायक झाला. दुष्काळात माणसे मरत असताना धनिकांची कोठारे भरलेली असावीत, आणि ती फोडणारा गुन्हेगार ठरावा, हा कोणता न्याय, असा प्रश्न ही कादंबरी विचारते. ती अण्णाभाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ मध्ये तिला महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार मिळाला. ज्या शाहिराचे खेळ एका सरकारने बंद पाडले, त्याच शाहिराच्या ग्रंथाला थोड्याच वर्षांत दुसऱ्या सरकारने गौरविले.

धनलोभ आणि नगरजीवन यांविषयी अण्णाभाऊंनी जे लिहिले, त्यात ‘स्मशानातील सोनं’ ही कथा आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. वारणेच्या खोऱ्यातून पोटासाठी मुंबईस आलेला भीमा हा धिप्पाड गडी उपनगरातल्या दगडाच्या खाणीत काम करतो. एके दिवशी खाण बंद पडते. हातात बळ आहे, कामाची इच्छा आहे, आणि शहराजवळ काम नाही. स्मशानातल्या राखेत त्याला सोन्याची अंगठी सापडते आणि तेथून तो राख चाळू लागतो, पुढे रात्री प्रेते उकरू लागतो. मेलेल्यांच्या अंगावर सोने आहे आणि जिवंतांच्या ताटात भाकरी नाही, हे त्याचे तर्कशास्त्र वाचकाला निरुत्तर करते. एका रात्री तो कोल्ह्यांशी झुंजून एका धनिकाच्या प्रेतापर्यंत पोहोचतो; मुखातले सोने काढताना त्याची बोटे प्रेताच्या दातांत अडकतात. कशीबशी सुटका होते, पण बोटे कापावी लागतात. आणि तेव्हाच बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली आहे. आता काम आहे, पण पहार धरावयास बोटे नाहीत.

या कथेत लेखक भीमाला निर्दोष ठरवीत नाही. स्मशानात जाणे वाईट आहे हे भीमाची बायकोही त्याला सांगते. परंतु वाचकाने केवळ भीमाकडे पाहून थांबू नये अशी कथेची रचना आहे. खाण एकाएकी बंद करणारा, आणि शेकडो पोटांचा विचार न करता हिशेब मिटवणारा मालक कथेत कोठेच दिसत नाही. त्याच्या अंगाला राख लागलेली नाही. लोभ दोघांचाही असू शकतो. फरक इतकाच की एकाच्या लोभाला शहर गुन्हा म्हणते आणि दुसऱ्याच्या लोभाला व्यवहार. भगवंतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका सांगितली. ती व्यक्तीने पाळावयाची आहे हे खरे, पण ज्या नगरात प्रामाणिक कामच मिळू दिले जात नाही तेथे त्या नगरालाही या मार्गाने चालावे लागेल, असा बोध या कथेतून आम्ही घेतो.

स्त्रियांच्या बाबतीतही त्यांनी हीच दुहेरी नीती उघडी पाडली. ‘वैजयंता’ ही तमाशातल्या कलावंतिणीची कादंबरी आहे. रात्री तिच्या कलेवर पैसे उधळणारे दिवसा तिला माणूस मानत नाहीत. ‘चित्रा’ मध्ये मुंबईच्या देहबाजाराकडे ढकलल्या जाणाऱ्या स्त्रीजीवनाचे चित्रण आहे. आपल्या नायिकांना अण्णाभाऊंनी कधी दयेचा विषय केले नाही. त्या झगडतात, आपले शील आपण राखतात आणि दोष कोणाचा हे स्पष्ट बोलतात. त्या काळच्या पांढरपेशा साहित्यात अशा स्त्रिया दुर्मीळच होत्या.

सुमारे ३५ कादंबऱ्या, अनेक कथासंग्रह, लोकनाट्ये, पोवाडे आणि प्रवासवर्णन एवढे लेखन या माणसाने घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत बसून केले. त्याच वस्तीने त्यांना ‘चिरागनगरची भुतं’ मधली माणसे दिली. १९६१ मध्ये ते रशियाला जाऊन आले आणि त्या प्रवासावर पुस्तकही लिहिले. परदेशात लेखक म्हणून सन्मान झाला. परत आल्यावर पुन्हा तीच झोपडी. त्यांच्या कथा-कादंबऱ्यांवर मराठी चित्रपट निघाले. १९६१ मध्ये ‘वैजयंता’ आला, १९६३ मध्ये ‘फकिरा’ आला. पुस्तके छापली गेली, खपली, आणि तरीही लेखकाच्या घरातले दारिद्र्य हटले नाही. शब्द त्यांचे, अनुभव त्यांचा, आणि नफ्याच्या वाटपात त्यांचे ताट शेवटचे. न दिलेले घेणे म्हणजे काय, हे याहून स्पष्ट कोणत्या उदाहरणाने सांगावे?

अखेरच्या काळात शासनाकडून गोरेगावच्या सिद्धार्थनगरात त्यांना घर मिळाले. तोवर शरीर खचले होते. १८ जुलै १९६९ रोजी, वयाची एकोणपन्नास वर्षे पूर्ण होण्यास दोन आठवडे असताना, त्यांचे निधन झाले. त्यांचे सहकारी अमर शेख हेही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अपघातात गेले. परळच्या मैदानावर घुमलेले दोन आवाज सव्वा महिन्याच्या अंतराने शांत झाले.

मृत्यूनंतर मात्र सन्मानांची रीघ लागली. २००२ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले. २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. गावोगावच्या चौकांना त्यांचे नाव आहे, भिंतींवर आणि फलकांवर त्यांची रंगीत चित्रे आहेत. भिंतीवरच्या अक्षरांनी शिकलेला मुलगा स्वतःच भिंतीवरचे चित्र झाला. दरम्यान गिरण्या बंद पडल्या. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव उजाड होत गेले आणि त्या जमिनींवर मनोरे आणि बाजार उभे राहिले. ज्या कोहिनूर गिरणीत अण्णाभाऊंनी मजुरी केली, तिच्या दादरमधील एका विभागाची जमीन २००५ मध्ये ४२१ कोटी रुपयांना विकली गेली. जमिनीला भाव आला. तिच्यावर घाम गाळणाऱ्यांची मुले अनेकदा शहराच्या कडेला फेकली गेली. मलबार हिल आणि परळ यांतील अंतर आता परळमध्येच मावते. मनोऱ्याच्या विसाव्या मजल्यावरून खालची चाळ दिसते, एवढाच फरक पडला.

येथवर आम्ही शहराच्या दुटप्पीपणाविषयी लिहिले. लेख येथेच संपविणे सोयीचे झाले असते. परंतु अण्णाभाऊंचा आरसा हातात घेतल्यावर स्वतःकडे पाहिले नाही तर तो आमचाच दुटप्पीपणा ठरेल.

अण्णाभाऊ आयुष्यभर साम्यवादी विचारांचे राहिले. धम्मदीक्षेच्या वाटेने ते गेले नाहीत. जन्माने ते मातंग. म्हणून बौद्ध संस्थेच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येईल हे आम्ही जाणतो. तो प्रश्न मनात येतो हेच या लेखाचे कारण आहे. आपण जातिअंताची भाषा बोलतो आणि महापुरुष मात्र जातीनुसार वाटून घेतो. एप्रिलमध्ये एका वस्तीत मिरवणूक निघते, ऑगस्टमध्ये शेजारच्या वस्तीत, आणि दोन्ही वस्त्यांतील माणसे एकमेकांच्या मिरवणुकीकडे खिडकीतून पाहतात. बाबासाहेबांचा जग बदलण्याचा संदेश ज्याने गीतातून घराघरांत नेला, ज्याने आपली सर्वश्रेष्ठ कृती त्यांच्या लेखणीला वाहिली, त्याने असे वाटप मानले नव्हते. आपल्या वसतिगृहात मातंग, बौद्ध, भटके, आदिवासी अशी सर्व घरांतील मुले एका पंगतीत जेवतात. शाळेबाहेर पडल्यावर ती पंगत का मोडते, याचे उत्तर माजी विद्यार्थ्यांनी आणि आम्ही मिळून द्यावयाचे आहे.

दुसरी गोष्ट त्याहून साधी आहे. आपल्यापैकी अनेकजण आज मुंबई-पुण्यात स्थिरावले आहेत. स्वतःची घरे झाली, घरात कामाला बाई आली, दाराशी पहारेकरी आला. आपले आईवडील ज्या कामांतून वर आले तीच कामे आता दुसऱ्याची आई आपल्या घरी करते. तिची रजा, तिचे आजारपण, सणाचे तिचे पैसे या वेळी आपण भीमाच्या बाजूला असतो की खाणमालकाच्या? जयंतीच्या कार्यक्रमात प्रमुख पाहुण्यांना शाल आणि हार मिळतो. मंडपाचे आणि ध्वनिक्षेपकाचे पैसे आगाऊ जातात. आणि रात्रभर गाणारा शाहीर पहाटे बिदागीसाठी कार्यकर्ते शोधत फिरतो. घासाघीस होते ती त्याच्याशीच. अण्णाभाऊंच्या चित्राला हार घालून त्यांच्या वारसदाराला ताटकळत ठेवणे, हेही न दिलेले घेणेच होय.

म्हणून पालकांना, माजी विद्यार्थ्यांना आणि समाजबांधवांना आमची विनंती एवढीच आहे. या वर्षीपासून आपल्या प्रत्येक कार्यक्रमात शाहिराची बिदागी त्याने मंचावर पाऊल ठेवण्यापूर्वी त्याच्या हाती द्यावी. स्वयंपाक करणाऱ्या, मंडप झाडणाऱ्या हातांची मजुरीही त्याच दिवशी चुकती करावी. आपल्या सभागृहात १४ एप्रिलला आणि १ ऑगस्टला सारख्याच संख्येने जमावे. गोष्टी लहान आहेत. परंतु दुसरे शील मुलांनी म्हणावे आणि मोठ्यांनी पाळावे, याची सुरुवात लहान गोष्टींपासूनच होऊ शकते. उद्या सकाळी वंदनेच्या वेळी आपली मुले ते शील पुन्हा म्हणतील. ते ऐकताना आपली मान खाली जाऊ नये, एवढी काळजी आपण घेऊ या.